इंद्रायणीनं भाकर घेतली नाही

आमच्या घरात नद्या दोन. मी गोदावरी आणि माझी भावजय इंद्रायणी. तिच्या लग्नात आशीर्वाद देताना आमच्या चर्चचे तेव्हाचे पाळकसाहेब म्हणाले होते, एका घरात दोन नद्या आल्यात, पुराची काळजी घ्या. मंडळी हसली. मी नाही हसले. मला मोठी नणंद म्हणून गंभीर दिसायचं होतं. आता एकवीस वर्षांनी तिच्याविषयी लिहायला बसलेय तर दर दोन ओळींनी उठावंसं वाटतं. पाणी प्यावंसं वाटतं, दार लावलंय का ते बघावंसं वाटतं. कारण तिच्याविषयी खरं लिहायचं तर माझंही एक वाक्य लिहावं लागणार. येईल ते. लपवणार नाही.

इंद्रायणी मैंदर्गीची. तिचे वडील, श्रीमंत त्यांचं नाव, तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गावात ख्रिस्ती घरं तीन, त्यातलं एक त्यांचं. शाळा मराठीतून आणि घरातली प्रार्थना कानडीतून, त्यामुळं पोरीला दोन्ही भाषा आल्या आणि दोन्हीत कमी बोलायची सवय लागली. सोलापुरात येऊन नर्सिंग केलं, एका खासगी हॉस्पिटलात नोकरी लागली आणि माझ्या धाकट्या भावाशी, देवदत्तशी, लग्न झालं. देवदत्त कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि चर्चमध्ये पेटी वाजवतो. दिसायला बरा, बोलायला गोड, कुणाला नाही म्हणता न येणारा. आईनं लाडावला, आईकडून राहिलेले लाड मी पुरे केले. त्यांची एकुलती मुलगी पुण्याला शिकते.

मी स्वतः एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. रेल्वे लाईन्सच्या मागच्या बाजूला मी राहते आणि दोन गल्ल्या सोडून ती दोघं. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांकडून दहा आज्ञा मीच पाठ करून घेते. सातवी आली की जरा भरभर म्हणून घेते, कारण पोरं विचारतात, बाई, व्यभिचार म्हणजे काय? मी सांगते, लग्नात दिलेला शब्द मोडणं. आणखी विचारलं तर सांगते, मोठे झालात की कळेल. मला स्वतःला ते साठीनंतर कळलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं समजायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे आणि द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले ताटात घालून बाकाबाकांतून फिरवतात. त्या पावाला आम्ही भाकरच म्हणतो. त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची प्रार्थना असते. ज्याचं कुणाशी काही अडलं असेल, ज्याच्या हातून काही घडलं असेल, त्यानं आधी समेट करावा आणि मग भाकर घ्यावी. नसेल जमलं तर रविवारी ताट तसंच पुढं द्यावं. कुणी विचारत नाही, कुणी शिक्षा करत नाही. फक्त सगळे बघतात.

आणि हे ताट तयार करायचं काम सोळा वर्षं इंद्रायणीचं. हंगामात वैरागकडून काळी द्राक्षं मागवायची, उकळायची, फडक्यातून गाळून वर्षभराच्या बाटल्या भरायच्या. शनिवारी पावाच्या कडा काढून तुकडे करायचे. पेले गरम पाण्यातून तीनदा काढायचे. नर्सच ती, दोनदा तिला पुरत नाही. वर घालायच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री करायची. यात पगार नाही आणि नावही नाही. पण या एका कामासाठी ती ड्युट्या बदलून घ्यायची. एकदा मी म्हटलं, "अगं, एखाद्या महिन्यात महिला मंडळाच्या बाळाबाई करतील की." तर म्हणाली, "नको अक्का. समदं आयुष्य दुसऱ्याच्या वार्डात जातंय. हितं माझं हाय कायतरी." यापेक्षा लांब वाक्य मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

फेब्रुवारीचा पहिला रविवार. कुटुंब सप्ताह होता, म्हणून पाळकसाहेबांनी उपदेशाला सातवी आज्ञाच घेतली. हल्लीचे आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना मोबाईलची फार माहिती. म्हणाले, पूर्वी पाप करायला घराबाहेर जावं लागायचं, आता ते उशाशी चार्जिंगला लावून आपण झोपतो. म्हणाले, ज्या मोबाईलचा पासवर्ड जोडीदाराला माहीत नाही तो मोबाईल नव्हे, घरातली कुलूपबंद खोली आहे. बाकांवर खसखस पिकली. बायकांनी नवऱ्यांकडं बघितलं, नवऱ्यांनी पंख्याकडं. मग ते म्हणाले, प्रभूनं तर नुसत्या नजरेलाही सूट दिली नाही. मनात झालं की झालंच. तेव्हा हसणं थांबलं.

लगेच ताट फिरलं. मी आणि इंद्रायणी नेहमी तिसऱ्या बाकावर. देवदत्त समोर, पेटीपाशी. ताट तिच्या हातात आलं. तिनं ते धरलं, समोर बघितलं आणि काही न घेता माझ्याकडं सरकवलं. मी इतकी दचकले की रस सांडता सांडता राहिला. मागच्या बाकावर बाळाबाई होत्या. त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, त्यावरून मला कळलं की त्यांनी पाहिलं.

सातव्या आज्ञेवर उपदेश होतो आणि पाठोपाठ एक बाई भाकर सोडते. दोन अधिक दोन किती, हे सांगायला माझ्यासारखी मास्तरीण कशाला लागते?

उपासना सुटल्यावर आवारातल्या कडुनिंबाखाली बाळाबाईंनी मला गाठलं. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. दुसऱ्याची काळजी करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. "गोदाताई, इंद्रायणीचं बरं हाय न्हवं? भाकर सोडली तिनं. कायतरी झालंय की." मला चीड आली होती. तिनं मला काही सांगितलं नव्हतं म्हणून तिची चीड, बाळाबाईंनी तोंडावर विचारलं म्हणून त्यांची चीड. आणि मी बोलून गेले, "मला काय माहीत? मी का तिच्या रात्रपाळीला जाते बघायला?"

हेच ते वाक्य. मी ते अर्थ लावून बोलले नव्हते, रागानं बोलले होते. पण नणंदेच्या तोंडचं वाक्य होतं, त्याला वजन आलं.

मंगळवारपर्यंत त्या वाक्यातला 'रात्रपाळी' एवढाच शब्द उरला. पुढच्या रविवारपर्यंत त्याला माणूस चिकटला. हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवर सिद्धनाथ नावाचा ड्रायव्हर आहे. सकाळी सातला ड्युटी सुटली की तो कधीमधी तिला आमच्या कोपऱ्यावर सोडतो, कारण त्याचं घर पुढंच आहे आणि त्या वेळेला रिक्षावाले मागतील तो दर. सिद्धनाथला तीन नातवंडं आहेत आणि गुडघ्यांमुळं गाडीतून उतरतानाही तो "देवा रे" म्हणतो. पण बोलणारे कुठं गुडघे बघतात? राईचा पर्वत व्हायला आमच्या चर्चच्या मंडळीत फक्त दोन रविवार लागले.

माझं मन थाऱ्यावर नव्हतं. कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यात सोडलं. सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारायला गेले आणि एक फेरी न संपवता परत आले. उन्हं तापायला लागली होती, त्यावर ढकलत होते सगळं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत नव्हती, शंका येत होती. आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात. धूर मीच केलाय हे विसरून मी आग शोधत होते. इंद्रायणी ड्युटीवरून येताना हसत होती का? नवीन साडी कधी घेतली? मागच्या महिन्यात तिनं केस का कापले? एकवीस वर्षं जिच्या हातचं जेवले, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात जिनं त्याचं सगळं अंथरुणातलं केलं, तिची मी अशी उलटतपासणी घेत होते, तीही माझ्या घरात एकटी बसून.

तिसऱ्या आठवड्यात महिला मंडळाची बैठक झाली. ठरलं की पुढच्या प्रभुभोजनाची तयारी बाळाबाई करतील. इंद्रायणीला "थोडी विश्रांती" द्यावी. मी तिथंच होते. माझ्याकडं सगळ्यांनी बघितलं. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले. रात्रपाळी करून आलेली इंद्रायणी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, ताट-पेल्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाळाबाईंना म्हणाली, "रसाची बाटली उघडली की दोन दिसांत संपवा. टिकत न्हाय. पेले तीनदा धुवा." आणि निघून गेली. ती रडली असती, भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं गेले. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी पायातली चप्पलसुद्धा काढली नाही. म्हटलं, "इंद्रा, काय आहे ते मला सांग. मी मोठी आहे."

"तुमाला काय वाटतंय, अक्का?"

"मला काही वाटत नाही. लोक बोलतात."

"लोक काय बोलतेत ते ठावं हाय मला. तुमाला काय वाटतंय ते इचारलं मी."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. तिनं वाट बघितली. इस्त्री तापून कापडाचा वास यायला लागला तशी तिनं ती उचलली आणि म्हणाली, "साकु." कानडीत पुरे म्हणायचं झालं की ती हा शब्द वापरते. मी उलट्या पावली निघाले, आणि अंगाची नुसती आग होत होती. आपली चूक असली की राग जास्त येतो.

तिथून मी थेट देवदत्तच्या कॉलेजात गेले. त्याला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि बोलत सुटले. तुझी बायको गप्प आहे, मंडळीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही, ताटाचं काम गेलं, तू नवरा आहेस का कोण आहेस, विचार तिला. देवदत्त चहाच्या कपाकडं बघत होता. वर बघेना. मी एकतीस वर्षं पोरं सांभाळली आहेत. वर्गात काच फुटली की सगळे एकमेकांकडं बघतात. ज्यानं फोडली तो तेवढा खाली बघतो. माझा आवाज आपोआप खाली आला. म्हटलं, "देवू, काय केलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तिचं काही नाही अक्का. तिनं घेतली नाही, कारण मी घेतली नव्हती."

मग कळलं ते असं. पेटी वाजवणाऱ्याला भाकर आणि पेला आधी देतात, म्हणजे नंतर त्याचे हात मोकळे राहतात. तो ते पेटीवर ठेवतो आणि तिसऱ्या बाकापर्यंत ताट पोचलं की इंद्रायणीकडं बघतो. मग दोघं एकदम घेतात. लग्नानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनापासूनची ही त्यांची रीत. शेजारी बसून मला ती एकवीस वर्षं दिसली नव्हती. त्या रविवारी त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. भाकर पेटीवर तशीच राहिली. मंडळीला ते दिसलं नाही, तिला दिसलं, आणि तिनं ताट पुढं दिलं.

"पण तू का नाही घेतलीस?"

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला होता, त्यातली पूनम. नवरा परगावी, पोरं मोठी झालेली, घर रिकामं. आधी सकाळचं गुड मॉर्निंग, मग जेवलास का, मग ग्रुप सोडून दोघांचंच. आठ महिने रोज. तिला त्याची गाणी आवडायची. एकदा दोघं हिप्परगा तलावाकडं गेले, तासभर बसले, त्यानं तिचा हात हातात घेतला.

"एवढंच, अक्का. शप्पथ. काही झालंच नाही. आणि आता तर कोर्टानंसुद्धा तो गुन्हा ठेवलेला नाही."

"कोर्टानं भाकर सोडायला सांगितली होती का तुला?"

त्यानं कप बाजूला सारला.

"काही झालंच नव्हतं तर घ्यायची होतीस की. हात का उचलला नाही?"

तेव्हा तो रडला. पन्नाशीला आलेला माणूस, कॉलेजची पोरं शेजारच्या टेबलावर वडापाव खाताहेत, आणि हा रडतोय. म्हणाला, "इंद्राशी मी आठ महिन्यांत धड बोललोच नाही. बोलायचं ते सगळं तिकडं संपायचं. उपदेश ऐकताना मला हाताची आठवण नाही आली, याची आली." पूनमला त्यानं त्याच रविवारी शेवटचं लिहून नंबर काढून टाकला होता. पण घरी सांगायचं धाडस होत नव्हतं, आणि तेवढ्यात लोकांनी गुन्हेगार दुसराच शोधला. तीन आठवडे त्यानं आपल्या बायकोवर चिखल उडताना बघितला आणि पेटीवर गाणी वाजवली.

तिथं कॅन्टीन नसतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. म्हटलं, "शुक्रवारी तयारीच्या प्रार्थनेत उभा राहा. सगळ्यांसमोर सांग. तिचं नाव तुझ्यामुळं गेलंय, तूच परत आण."

"पेटी जाईल, अक्का."

"जाऊ दे. तिचं ताट गेलं, ते चाललं तुला?"

तो हो म्हणाला. मी घरी आले ती छाती काढून. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. मला वाटलं, न्याय झाला. आणि कसं सांगू, आम्हां दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे आधी कुणाला सांगायला हवं. आम्हांला साक्ष द्यायची सवय. नोकरी लागली, उभं राहून मंडळीला सांगा. आजार बरा झाला, मंडळीला सांगा. पाप झालं, मंडळीला सांगा. पाळण्यातून उतरल्यापासून हेच बघत आलो.

शुक्रवारी संध्याकाळी देवदत्त उभा राहिला. बोलायला लागला तो थांबेना. त्यानं काहीच लपवलं नाही. पूनमचं नाव तेवढं घेतलं नाही, ते बरं केलं. हात धरला तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, माझ्या बायकोचा यात काही दोष नाही, तिनं माझ्यासाठी भाकर सोडली आणि तुम्ही तिला दोषी धरलंत, मी बघत बसलो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ज्ञानबा म्हणून आमच्या चर्चचे सगळ्यांत म्हातारे पंच आहेत, ते काठी टेकत पुढं गेले आणि त्यांनी त्याला छातीशी धरलं. कुणी तरी "प्रभूची स्तुती असो" म्हणालं. पाळकसाहेबांचेही डोळे ओले. म्हणाले, जिथं पश्चात्ताप आहे तिथं क्षमा आहे, बंधू, मंडळी तुमच्या पाठीशी आहे. पेटी काही गेली नाही. बाळाबाई उठून इंद्रायणीपाशी आल्या, कपाटाची किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घे बाई, तुझंच हाय ते."

मी हसतमुखानं तिच्याकडं वळले. आणि तिचा चेहरा बघितला.

ती हे सगळं पहिल्यांदा ऐकत होती. काहीतरी आहे एवढं तिला ठाऊक होतं. आठ महिने, तलाव, हात, हे तिला आमच्याबरोबर, दीडशे माणसांत बसून कळलं. आणि दीडशे माणसं ती आता काय करते ते बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

पाळकसाहेब म्हणाले, "चला, प्रार्थना करू या."

इंद्रायणी उभी राहिली. "साहेब, एक इचारायचं हाय."

"बोला, ताई."

"समद्यांनी त्यांला क्षमा केली. बरं झालं. पर माझ्याकडं कुणी मागितलीच न्हाय की."

ती देवदत्तकडं वळली. मंडळीत तिनं त्याच्याशी असं थेट बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी लगीन मंडळीसंगं केलं न्हवतं. वचन मला दिलं हुतं. मग आधी मला का न्हाय सांगितलं? चार भिंतीत, दार लावून? मी एक महिना रोज चहा दिला तुमाला. रोज वाटायचं, आज सांगतील."

देवदत्त पुढून निघून तिसऱ्या बाकापर्यंत आला. हात जोडले. "इंद्रा, मला…"

"हितं न्हाय," ती म्हणाली. "हितं मी न्हाय म्हटलं तर मीच वाईट ठरते, आन व्हय म्हटलं तर ते खरं का ह्यांच्यासाठी, मलाच कळायचं न्हाय. घरी इचारा. आज उत्तर मिळंल असंबी न्हाय."

किल्ली तिनं बाकावर ठेवली, बाळाबाईंना दिली नाही आणि स्वतःही घेतली नाही. पर्स उचलली. आठची ड्युटी होती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला तोंड उघडलं आणि मिटलं. मला पहिल्यांदा त्यांची दया आली. मोबाईलविषयी त्यांना सगळं ठाऊक होतं, यावर काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नव्हतं.

मी तिच्या मागं धावले. ती भरभर सात रस्त्याकडं चालली होती, मला साठीच्या पायांनी गाठता येईना. हाक मारली तशी थांबली, पण वळली नाही.

"मीच त्याला मंडळीसमोर सांग म्हटलं," मी धापा टाकत म्हणाले. "मला वाटलं, तुझं नाव परत येईल."

"आलं की नाव. नाव आलं."

"सोडून जाशील का त्याला?"

"जायचं असतं तर ताट कशाला सोडलं असतं, अक्का? त्यांच्यासंगं ऱ्हायले की मी. काय झालंय ठावं न्हवतं तरीबी ऱ्हायले." तिचा आवाज फाटला. रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती, तिनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "पर आता जवळ बसवत न्हाय त्यांच्या. त्याला येळ लागंल. आन किती लागंल ते मी ठरवणार, पाळकसाहेब न्हाय."

आता मला माझं सांगायलाच हवं होतं. म्हटलं, "इंद्रा, ते रात्रपाळीचं… बाळाबाईंना पहिल्यांदा…"

"ठावं हाय मला. त्याच आठवड्यात कळलं. बाळाबाईच म्हणाल्या, तुजी नणंदच म्हणती."

"मग तू मला बोलली का नाहीस? भांडायचं होतंस माझ्याशी."

"तुमी कवा सांगताय ते बघत हुते. त्यांचीबी वाट बघितली, तुमचीबी. मी समोर इस्त्री करत उबी, आन तुमी मलाच इचारताय काय हाय ते." ती वळली आणि तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "दोघं भावंडं सारखीच. साऱ्या जगाला सांगतासा, ज्याला सांगायचं त्याला सोडून."

मी भर रस्त्यात हात जोडले. म्हटलं, "चुकलं माझं. मला क्षमा कर." शाळेत एकतीस वर्षं पोरांकडून हे वाक्य म्हणून घेतलं, पण स्वतः म्हणताना ते इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.

शेअर रिक्षा थांबली. ती आत सरकून बसली, पर्स मांडीवर घेतली.

"इचारलंत, बरं झालं," ती म्हणाली. "आता थांबा की. मी एक महिना थांबले."

या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. ती ड्युटीवरून आल्यावर देवदत्तनं दुसऱ्या सकाळीच घरी विचारलं, आणि त्यालाही हेच उत्तर मिळालं. ती घरात आहे, स्वयंपाक करते, ड्युटीला जाते. माझा खोकला ऐकून परवा औषधाची बाटली आणून दिली आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगितलं. मी बाटली हातात घेऊन दारात उभी राहिले, वाटलं, आता क्षमा केली म्हणेल. तिनं चप्पल घातली, येते अक्का म्हणाली आणि गेली.